देवघरातला झिरोचा बल्ब आणि मीटरची लुकलुक

आमचं बिल दर महिन्याला १०६, ११०, १०८ युनिट असं शंभरच्या जरा पुढं जाऊन बसायचं. शंभरच्या पुढच्या युनिटांना दर चढा, त्यामुळं ते वरचे सात-आठ युनिट मला चपलेतल्या खड्यासारखे टोचत होते. आणि दिवे तर सगळे एलईडी. २०१५ साली स्वस्त एलईडी देणारी सरकारची उजाला योजना आली तेव्हाच सीएफएल काढून टाकले होते. राहिली होती ती फक्त स्वयंपाकघरातली जुनी ट्यूब.

माझा पहिला संशय रस्त्यावरून घेतलेल्या बिनखोक्याच्या बल्बांवर. वर ‘९ वॅट’ छापलेलं, पण छापायला काय, काहीही छापता येतं. मावसभावाचं कोल्हापूरच्या उद्यमनगरात मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे, त्याचा टाँग टेस्टर, म्हणजे वायरीभोवती चिमट्यासारखा धरून करंट मोजायचं यंत्र, मागून आणला. बोर्डाची वायर टाँगेत धरली, तर आकडा शून्य. त्याला फोन लावला.

“दादा, दोन्ही वायरी एकदम धरल्यास व्हय? जाणारा आन् येणारा करंट एकमेकाला मारतोय. एकच घे.”

एकच घेतली, तर आकडा इतका बारीक की शेवटचा अंक नुसता नाचतोय. त्यावरही त्याच्याकडं तोड होती: तीच वायर टाँगेतून दहा वेळा गुंडाळायची आणि आलेला आकडा दहानं भागायचा. जुन्या एक्स्टेन्शनचं वरचं कव्हर सोलून दहा वेढे घातले. ०.६२ अँपिअर, म्हणजे एका वायरीत ०.०६२. व्होल्टेज २३८. गुणाकार केला तर जवळजवळ १५! नऊचा बल्ब पंधरा खातोय म्हटल्यावर मी चोर पकडल्याच्या आनंदात पुन्हा फोन केला.

पलीकडून हसण्याचा आवाज. “ते वॅट न्हवं दादा. व्होल्ट-अँपिअर हाय ते. पॉवर फॅक्टर कुठं धरलास?”

पॉवर फॅक्टर म्हणजे व्होल्ट-अँपिअरमधला खरा कामाला लागणारा वाटा. कारखानेवाल्यांना हा शब्द पाठ असतो, कारण तो घसरला की त्यांचं बिल वाढतं आणि मग कपॅसिटर बसवत बसावं लागतं. स्वस्त बल्बात नीट ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला बेतानं करंट देणारं सर्किट, नसतो, एक कपॅसिटर टाकून काम भागवलेलं असतं. त्यामुळं करंट दिसतो जास्त, पण त्यातला बराचसा नुसता येऊन परत जातो. आपलं घरगुती मीटर युनिट मोजतं ते खऱ्या वॅटवर. म्हणजे माझी सगळी गुंडाळागुंडाळी हिशेबाला निरुपयोगी! मग त्यानंच सुचवलं, मीटरलाच विचार की.

मीटरच्या तोंडावर एक तांबडा दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी बारीक अक्षरात आकडा असतो. आमच्यावर ३२०० आहे, म्हणजे ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. एक युनिट म्हणजे हजार वॅट तासभर. सेकंदांत मांडलं की सोपं होतं: ११२५ ला दोन लुकलुकींमधल्या सेकंदांनी भागायचं, वॅट हातात.

रविवारी सकाळी फ्रीज, राउटर, टीव्ही, सगळं बंद केलं. आमचं घर राजारामपुरीत, दुसऱ्या मजल्यावर, आणि मीटर खाली जिन्याखालच्या पेटीत. पोरगं वर बटणापाशी, मी खाली मोबाईलचं घड्याळ लावून. एकच बल्ब चालू, तरी दिवा आपला टकाटका लुकलुकतोय. अर्धा तास डोकं खाजवल्यावर उमगलं, इन्व्हर्टर चार्ज होत होता. वायरमननं त्याची लाईन मेनमधून थेट घेतलेली, खोल्यांच्या एमसीबी, म्हणजे बोर्डातले खटके, पाडून तिला काय फरक पडणार?

इन्व्हर्टर काढला आणि मग मोजणी खरी सुरू झाली. कंपनीचा बल्ब, पाच लुकलुकींना १० मिनिटं ४० सेकंद. म्हणजे एकीला १२८ सेकंद, ८.८ वॅट. छापल्याइतकाच. आणि ज्याला चोर ठरवला होता तो बिनखोक्याचा? १३ मिनिटं १० सेकंद, म्हणजे ७.१ वॅट. खात होता छापल्यापेक्षा कमीच, आणि उजेडही तितकाच कमी देत होता. खोलीत अंधुक का वाटतं ते तरी कळलं. चाळीसची ट्यूब मात्र ५१ वर गेली. वरचे ११ जुन्या चोकच्या उष्णतेत.

पोरगं कंटाळलं होतं. खाली येता येता त्यानं सहज विचारलं, “आजीच्या देवघरातला मोजायचा न्हाई?”

तो झिरोचा बल्ब, वीस वर्षं अखंड तेवणारा. आई आतूनच म्हणाली, “झिरो म्हंजे झिरो की! त्याला कसली लाईट लागत्या?”

पाच लुकलुकी, ६ मिनिटं २० सेकंद. एकीला ७६. चौदा-पावणेपंधरा वॅट! जुन्या चक्रीच्या मीटरवर एवढासा भार नोंदलाच जायचा नाही, म्हणून त्याचं नाव झिरो पडलं असं सांगतात. नवं मीटर काही सोडत नाही. चोवीस तासांप्रमाणं महिन्याला साडेदहा युनिट. माझे सहा एलईडी रोज पाच तास लावले तरी आठच्या आत राहतात.

आईला हिशेब पटला, पण अट घातली, “पांढरा उजेड नको. देवाला तांबडाच पायजे. न्हाईतर मी काढू देत नाही.” संध्याकाळी अर्ध्या वॅटचा तांबडा एलईडी आणून लावला, आणि हौसेनं पुन्हा सगळं बंद करून खाली जाऊन उभा राहिलो. हिशेबानं लुकलुक साडेसदतीस मिनिटांनी एकदा व्हायला हवी, आणि इतका कमी करंट मीटर मोजेल याचीही खात्री नाही. वीस मिनिटं झाली, पंचवीस झाली. वर फ्रीज बंद, दुधाची पिशवी आत.

जिन्यावरून आईची हाक आली, “आता झाला न्हवं खरा झिरो? मग चल वर, दूध नासलं तर त्येचं बिल कोण भरणार?”