गुळाचं गोल लेबल आणि तो लाल अधिक : माझा अनुभव

गुऱ्हाळं सुरू झाली की कोल्हापुरात गुळाच्या रव्यावर (ढेपेवर) आणि डब्यावर लावायच्या गोल लेबलांची कामं येतात. मजकूर ठरलेला असतो: वर ‘अस्सल कोल्हापुरी सेंद्रिय गूळ • रसायनविरहित • गुऱ्हाळातून थेट’, खाली ‘ता. करवीर, जि. कोल्हापूर’. इलस्ट्रेटर या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्तुळ काढणं, टाइप ऑन अ पाथ टूलनं (पाथ म्हणजे मजकूर ज्यावर बसतो ती रेषा) त्यावर क्लिक करणं आणि मजकूर टाकणं हे दोन मिनिटांचं काम. दिवस खातो तो शेवटी दिसणारा चौकोनातला लाल अधिक (+). त्याचा अर्थ, मजकूर उरलाय आणि तो लपलाय.

सगळे आधी फॉन्ट लहान करतात. मीही १८ पॉइंटवरून १२ वर आलो, तरी ‘गुऱ्हाळातून थेट’ दिसेना. अक्षरं मुंगीएवढी, अर्धं वर्तुळ रिकामं आणि अधिक जागेवरच! कारण जागेचं नव्हतंच. गिऱ्हाइकानं मजकूर व्हॉट्सॲपवर दोन ओळींत पाठवला होता आणि चिकटवताना मधला एंटरही सोबत आला. पाथवर एकच ओळ बसते. एंटरनंतरचं सगळं दुसरी ओळ ठरतं आणि लपतं, मग फॉन्ट ६ पॉइंट केला तरी उपयोग नाही. टाइप मेनूतलं शो हिडन कॅरेक्टर्स चालू करा, एंटरची खूण लगेच दिसते. ती खोडून तिथं एक स्पेस द्या. सगळी अक्षरं दिसत असूनही अधिक जात नसेल, तर शेवटी एखादा एंटर राहिलेला असतो. नेमकं काय लपलंय ते बघायला मजकुरात कर्सर ठेवून कंट्रोल-ए, कंट्रोल-सी करा आणि बाजूला मोकळ्या जागेत चिकटवा.

दुसरं कारण, मजकूर निवडल्यावर पाथवर दिसणाऱ्या उभ्या रेघा. पाथवरच्या मजकुराला सुरुवातीची, मधली आणि शेवटची अशा तीन रेघा असतात. पूर्ण वर्तुळात सुरुवातीची आणि शेवटची एकमेकींवर बसतात, जिथं पहिलं क्लिक केलं तिथंच. मजकूर फिरवायला जाऊन चुकून शेवटची रेघ ओढली गेली की जागा दोन-चार मिलिमीटर उरते आणि सगळं गायब होतं. फिरवायचं तर मधली रेघ धरा, आणि कंट्रोल दाबून ओढा, म्हणजे मजकूर उलटून वर्तुळाच्या आत जाणार नाही.

खरंच जागा कमी असेल तर अंदाजानं लहान-मोठं करत बसू नका. ७५ मिमीच्या लेबलावर अक्षरांच्या तळाचं वर्तुळ ६० मिमी व्यासाचं धरलं तर परिघ १८८.५ मिमी. वरच्या मजकुराला २०० अंश दिले तर १०४.७ मिमी मिळतात. थोडी मोकळीक सोडून ९९.५ धरा. तोच मजकूर सरळ ओळीत १८ पॉइंटला टाकून ट्रान्सफॉर्म पॅनलमध्ये रुंदी बघा. ११८ मिमी आली, तर १८ गुणिले ९९.५ भागिले ११८, म्हणजे साधारण १५ पॉइंट. ट्रॅकिंग, म्हणजे अक्षरांमधलं अंतर, मी उणे २० च्या खाली नेत नाही. त्यापुढं वेलांटी शेजारच्या अक्षरावर चढते आणि ‘सेंद्रिय’ वाचता येत नाही.

देवनागरीचा खरा त्रास शिरोरेषेचा आहे. प्रत्येक अक्षर सरळच राहतं, फक्त तिरकं बसतं, त्यामुळे बाहेरच्या बाजूला डोकी फाकतात आणि रेघेत पाचरीसारख्या फटी पडतात. टाइप ऑन अ पाथ ऑप्शन्समध्ये अलाइन टू पाथला असेंडर निवडा, म्हणजे अक्षरांची वरची कड पाथवर येते, आणि वर्तुळ ७० मिमीच्या आसपास घ्या, फटी बऱ्याच मिटतात. उरलेल्यांसाठी आउटलाइन केल्यावर (म्हणजे मजकुराचे साधे आकार करून टाकल्यावर) शिरोरेषेच्याच जाडीचं वर्तुळ काढून सिझर टूलनं शब्दागणिक तुकडे करा आणि वर बसवा. वेळखाऊ आहे, पण तुटक्या रेघेचं लेबल मी देत नाही.

खालच्या मजकुराला वेगळं वर्तुळ घ्या. तिथं डोकी आतल्या बाजूला येतात आणि एकमेकांत घुसतात, म्हणून ट्रॅकिंग थोडं वाढवावं लागतं.

हे आधीच सांगायला हवं होतं: ‘कोल्हापुरी’तला ‘ल्हा’ फुटून ल, ह वेगळे पडत असतील तर प्रेफरन्सेसच्या टाइप भागात शो इंडिक ऑप्शन्स चालू करा आणि पॅराग्राफ पॅनलच्या मेनूत साउथ एशियन कंपोझर निवडा.

दुकानाच्या पाटीसारखी नुसती कमान हवी असेल तर पाथ नकोच. साधा मजकूर टाकून इफेक्ट, वार्प, आर्क, बेंड २० ते ३० टक्के. अक्षरंच वाकतात, शिरोरेषा अखंड राहते आणि मजकूर लपायचा प्रश्नच येत नाही. गोल लेबलाला मात्र हे चालत नाही, अक्षरं वर फार पसरतात.

फाइल छपाईला देण्याआधी आउटलाइनसाठी कंट्रोल-शिफ्ट-ओ करता ना, त्याच्या आधी प्रत्येक पाथवर लाल अधिक आहे का बघा. आउटलाइन फक्त दिसणाऱ्या अक्षरांची होते. लपलेला शब्द तिथंच कायमचा जातो आणि नंतर फाइलमध्ये अधिकही दिसत नाही. म्हणून आउटलाइन न केलेली प्रत वेगळ्या नावानं ठेवा, आणि छापायच्या पीडीएफमधला मजकूर गिऱ्हाइकाच्या मेसेजशी शब्दाला शब्द लावून वाचा.