तुम्ही विचारलंत म्हणून: अडीच वर्षांचं पोर आणि सागरी मार्ग

"चार दिवस आहेत, मुलगी अडीच वर्षांची आहे. दिवेआगरहून निघून किनाऱ्याकिनाऱ्याने मालवणपर्यंत होईल ना?" दिवाळी जवळ आली की फोनवर हाच प्रश्न. नाही होणार. गाडीचं होईल, पोरीचं नाही. एकाच गावी तीन रात्री राहा म्हटलं की पलीकडून हसू येतं. खोल्या भाड्याने देणारी बाई दुसरं काय सांगणार! बरं, माझ्याकडे नका राहू. हर्णैला राहा, वेळणेश्वरला राहा, आचऱ्याला राहा. पण एका जागी राहा.

सागरी मार्गावर ताशी २५–३० किलोमीटरच्या वर सरासरी पडत नाही. गावं खाली पाण्याजवळ आणि दोन गावांच्या मध्ये सडा (कातळाचं उंच पठार), म्हणजे दर थोड्या वेळाने चढ, वळणं आणि पुन्हा उतार. गाडी लागण्याचा त्रास दोन वर्षांच्या आत सहसा नसतो, तो पुढे सुरू होतो. त्यामुळे "बाळ असताना गोव्याला नेलं होतं, काही झालं नाही" हा पुरावा चालत नाही. कानाला वळण कळतं आणि डोळ्यांना फक्त पुढच्या सीटची पाठ दिसते, तिथे गडबड होते. मुलाची सीट इतकी उंच हवी की समोरच्या काचेतून रस्ता दिसेल. हातात मोबाइल नको. निघण्याआधी तासभर दूध नको, चुरमुरे किंवा भाकरीचा तुकडा चालेल. उलटीचं औषध वजनावर ठरतं, ते घरूनच डॉक्टरांना विचारून आणा.

वेसवी–बागमांडला, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड या फेरींचं सगळ्यांना आकर्षण, आणि ते खरंच आहे. पाण्यावरचा वेळ पंधरा मिनिटांच्या आसपास, पण सुट्टीत धक्क्यावरची रांग तासाची होऊ शकते. पोर नेमकं रांगेत झोपतं. इंजिन बंद केलं की गाडी भट्टीसारखी तापते, म्हणून "झोपलंय, राहू दे" म्हणायचं नाही. उचलून सावलीत घ्यायचं.

आता समुद्राकडे. कोणत्या किनाऱ्यावर जावं हे सगळे विचारतात, कधी जावं हे कुणी विचारत नाही. इथल्या बहुतेक पुळणींचा, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यांचा, वरचा भाग तीव्र उताराचा असतो आणि खालचा सपाट, घट्ट वाळूचा. भरतीला लाट उतारावर फुटते आणि परतताना पायाखालची वाळू ओढून नेते. ओहोटीला तीच लाट सपाटीवर पसरून मरते आणि मागे घोटाभर पाण्याची डबकी सोडते. लहान मुलाचा समुद्र म्हणजे ती डबकी.

वेळ काढायला ॲप लागत नाही. तिथीला पाऊणने गुणा, पूर्ण भरतीची वेळ येते. अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला किंवा अमावस्येला सव्वाअकरा, सकाळी एकदा आणि रात्रीकडे पुन्हा एकदा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. ओहोटी त्यानंतर साधारण सहा तासांनी. म्हणजे त्रयोदशी ते पौर्णिमा-अमावस्या या दिवसांत संध्याकाळी चार ते साडेपाचच्या सुमाराला पाणी सगळ्यात आत गेलेलं असतं, आणि उधाणाचे, म्हणजे मोठ्या भरती-ओहोटीचे, दिवस असल्यामुळे चांगलंच लांब. अमावस्या टाळून अष्टमीचं बुकिंग करणाऱ्यांना ऐन संध्याकाळी भरती मिळते.

अशाच एका अष्टमीची गोष्ट. साडेपाच वाजलेले, पाणी सपाट वाळू गिळून उतारापर्यंत आलेलं. वडिलांनी तीन वर्षांच्या मुलाचं मनगट धरलेलं, पाठ समुद्राकडे, समोर आई फोटो काढतेय. लाट त्यांच्या गुडघ्याएवढीच होती, म्हणजे मुलाच्या छातीएवढी. त्यांनी मनगटाला धरून मुलाला वर ओढलं. कुणीही तेच केलं असतं. मूल किंचाळलं, पाच मिनिटांत गप्प झालं, सगळ्यांना वाटलं घाबरलं. रात्री मऊभात-मेतकूट पुढे ठेवलं तर उजवा हात हलेना. किंचित वाकवून अंगाशी लोंबता धरलेला. सूज नाही, लाली नाही. आजी म्हणाल्या, तेल-हळद लावून चोळू या. मी म्हटलं, चोळायचं नाही, ओढायचं तर अजिबात नाही.

हे फार होतं, फक्त लोकांना नाव माहीत नसतं: इंग्रजीत 'नर्समेड्स एल्बो'. कोपराशी एका हाडाचं टोक ज्या पट्ट्यात बसतं, तो पट्टा पाच वर्षांच्या आत सैल असतो. हात सरळ असताना मनगटाला हिसका बसला की टोक पट्ट्यातून निसटतं. सरावाचा डॉक्टर ते क्षणात बसवतो आणि थोड्या वेळात मूल तोच हात वापरायला लागतं. मात्र मूल पडलेलं असेल किंवा सूज असेल, तर आधी एक्स-रे. त्या रात्री चिपळूण गाठलं, हात बसला, मुलाने त्याच हाताने बिस्किट खाल्लं. सकाळी मंडळींनी गाडी पुण्याकडे वळवली, आता समुद्र नको म्हणून. मला ते पटलं नाही. दुपारी एकच्या सुमाराला ओहोटी संपून पाणी भरायला लागणार होतं, त्याच्या आधी अर्धा तास डबक्यात बसवला असता तर मुलाच्या मनातलं गेलं असतं. अर्थात मूल त्यांचं.

तर धरायचं कसं? मोठ्या माणसाने मूल आणि समुद्र यांच्या मध्ये उभं राहायचं, तोंड पाण्याकडे. लाट आली की दोन्ही काखांत हात घालून उचलायचं. फोटो वरून, कोरड्या वाळूतून.

विंचवाचंही सांगते, कारण ते कुणी विचारत नाही. चिऱ्याच्या गडग्यात (दगड रचून केलेल्या कुंपणात) हात घालू देऊ नका, सकाळी चप्पल झटकून घाला. चावलाच तर घरगुती उपाय न करता तडक दवाखाना. लाल विंचवाच्या विषावर प्राझोसिन चालतं हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवून दिलं, पण ते वेळेत मिळायला हवं.

पूर्वी मीच कागदावर यादी करून द्यायची: सकाळी वेळणेश्वर, मग हेदवी, तवसाळहून जयगड, सूर्यास्ताला गणपतीपुळे. माझ्यातली ती जुनी बाई अजून वाद घालते माझ्याशी. म्हणते, एवढ्या लांबून आलेल्या माणसाने हेदवीची बामणघळ, ती समुद्राकाठच्या कातळातली चीर, बघायचीच नाही? बघावी की. पण घळीत पाणी उसळतं ते भरतीला, आणि खरं उसळतं उधाणाच्या भरतीला. म्हणजे तुम्ही तिथी नीट निवडून आलात तर दुपारी अकरा-बाराला, पोराच्या झोपेच्या वेळी, निसरड्या कातळावर. तेव्हा एकाने जावं, दुसऱ्याने पोराजवळ थांबावं. कोणी जायचं ते मात्र मला विचारू नका.