जुनं पोर्टल बाजूला ठेवलं आणि नवीन ॲपपासून सुरुवात केली : क्लाउड नेटिव्हचा माझा अनुभव

आमची कंपनी पंप बनवते, पिंपरी-चिंचवडच्या एमआयडीसीत. नाव लिहीत नाही, पण कंपनी मोठी आहे आणि मोठ्या कंपनीत जसं असतं तसंच सगळं आमच्याकडेही. 2021 मध्ये वरून ठरलं की आता क्लाउड नेटिव्ह व्हायचं, म्हणजे सॉफ्टवेअर एका ठरावीक सर्व्हरला न बांधता कंटेनर नावाच्या छोट्या पेट्यांमध्ये चालवायचं. कुबरनेटीस, म्हणजे हे कंटेनर चालवणारं आणि पडले तर परत उठवणारं सॉफ्टवेअर, त्याचं 1.0 व्हर्जन आलं जुलै 2015 ला, म्हणजे बाहेर हे सगळं मुरलेलं होतं, आणि आमच्याकडे मात्र एक सर्व्हर हवा असेल तर फॉर्म भरायचा, तीन सह्या आणायच्या आणि सहा आठवडे वाट बघायची.

पहिला प्रयत्न झाला तो जुन्या डीलर पोर्टलवर. ते जसंच्या तसं कंटेनरमध्ये घालायचं असं ठरलं आणि एक टीम त्यात पाच महिने अडकली. कंटेनर कधीही बंद होऊन नवा उठतो आणि आत ठेवलेलं जातं, आणि इथे लॉगिनचं सेशन मेमरीत, रिपोर्ट डी ड्राइव्हवर लिहिले जायचे, आणि पीडीएफ बनवणाऱ्या सॉफ्टवेअरचं लायसन्स मशीनच्या मॅक ॲड्रेसला (नेटवर्क कार्डाच्या नंबरला) बांधलेलं, कंटेनर नव्याने उठला की ॲड्रेस बदलला आणि लायसन्स गेलं. टीम हुशार होती, मेहनतही खूप केली त्यांनी, पण पंधरा वर्षांच्या सवयी असलेलं सॉफ्टवेअर, शिवाय दिवसभर डीलर त्यावर काम करणार, म्हणजे शिकण्यासाठी चूक करून बघायला जागाच नाही.

मग वॉरंटी क्लेमचं नवीन ॲप करायचं ठरलं आणि मी हात वर केला. शेतकऱ्याची मोटर जळाली की डीलरने नेमप्लेटचा आणि जळालेल्या वाइंडिंगचा फोटो टाकायचा, आमचा माणूस तपासून क्लेम पास करणार. आधी हे कुरिअरने कागदावर चालायचं. म्हणजे जुनं सॉफ्टवेअर काहीच नाही, पण काम खरं, पैसा खरा. हे दुसरं मला फार महत्त्वाचं वाटतं. नुसता डेमो केला असता तर सिक्युरिटीवाले, डीबीए (डेटाबेस सांभाळणारे), ऑपरेशन्स (सिस्टिम चालू ठेवणारे) कुणीच त्यात मनापासून पडलं नसतं, आणि खरी अडचण तर तिथेच असते, यॅमल, म्हणजे कुबरनेटीसच्या सेटिंगच्या फाइल, लिहिणं आठवड्याभरात येतं.

ऑपरेशन्सचे एक सीनियर सर आहेत, रिटायरमेंटला आलेले. त्यांना मी पहिल्याच दिवशी सगळं चित्र काढून दाखवायला गेले, तर ते म्हणाले, "अगं, चित्र नंतर. रात्री दीड वाजता फोन मला येणार आहे, तुला नाही. हे पडलं तर मी काय करायचं ते आधी सांग." माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून ते आमच्या स्टँडअपला, म्हणजे रोजच्या छोट्या मीटिंगला, बसायला लागले आणि माझ्या मते हे ॲप तरलं ते तिथे.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो परवानग्यांमध्ये. फायरवॉलवाल्यांना आयपी हवा, आणि पॉडचा (कुबरनेटीसमध्ये कंटेनर ज्यात चालतो त्याचा) आयपी तर प्रत्येक वेळी नवा. शेवटी बाहेर जाणारं सगळं ट्रॅफिक नॅट गेटवे नावाच्या एकाच दारातून काढलं, त्याचा आयपी कायमचा, तो त्यांनी व्हाइटलिस्ट केला. मग चेंज बोर्ड, म्हणजे प्रत्येक बदलाला मंजुरी देणारी समिती. त्यांच्या फॉर्मवर रकाना होता, सर्व्हरचं नाव काय, आणि आमच्याकडे तर ठरलेला सर्व्हरच नाही. प्रत्येक रिलीज बुधवारी रात्री, कारण गुरुवारी एमआयडीसीची सुट्टी, काही बिघडलं तर एक दिवस हातात मिळतो. पद्धत चांगल्या कारणाने आलेली होती म्हणून मी वाद घातला नाही, मीटिंगमध्ये टेस्ट क्लस्टरवर मुद्दाम खराब व्हर्जन टाकलं आणि रोलआउट अनडू, म्हणजे आधीच्या व्हर्जनवर परत जायची कमांड, देऊन एका मिनिटात मागे आणून दाखवलं, तेही माझ्या हाताने नाही, सरांच्या हाताने. तीन मीटिंग लागल्या, पण आमच्या पाइपलाइनमधून, म्हणजे कोड तपासून आपोआप टाकणाऱ्या साखळीतून, जाणारा रिलीज स्टँडर्ड चेंज म्हणून मान्य झाला, म्हणजे दर वेळी बोर्डापुढे जायची गरज नाही.

आता आमच्या चुका. ट्रायलला सांगलीकडचे एक डीलर घेतले होते, त्यांनी एका दिवसात अकरा क्लेम टाकले, आम्ही खुश. रात्री नवीन व्हर्जन टाकलं आणि सकाळी त्यांचा फोन, "मॅडम, कालचे फोटो दिसत नाहीयेत, आणि जळालेल्या मोटरी तर रिवाइंडिंगला गेल्या." कुणीतरी फोटो पॉडच्या आतल्याच फोल्डरमध्ये ठेवण्याचा कोड लिहिला होता, जुन्या सवयीने, आणि रिव्ह्यूमध्ये माझ्याही नजरेतून सुटला. पॉड बदलला, फोटो गेले. ते अकरा क्लेम कंपनीने तसेच पास केले, पण मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. फोटो ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये, म्हणजे पॉडच्या बाहेरच्या कायमच्या साठ्यात, हलवले आणि त्याहून मोठं काम म्हणजे कंटेनरची फाइल सिस्टिमच रीड-ओन्ली केली, आता कुणी लोकल डिस्कवर लिहायला गेलं तर त्याच्या टेस्टमध्येच एरर येतो.

दुसरी चूक रात्रीची. लाइव्हनेस प्रोब, म्हणजे पॉड जिवंत आहे का हे तपासणारी चौकशी, त्यात आम्ही जुन्या ओरॅकल डेटाबेसला हात लावून बघत होतो, वाटलं होतं की जास्त तपासलेलं बरं. रात्री दीडला जुन्या ईआरपीचा (कंपनीचे हिशेब, स्टॉक सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचा) बॅच सुरू झाला, डेटाबेस हळू झाला, प्रोब फेल, आणि कुबरनेटीसने आपलं काम चोख केलं, सगळ्या पॉडमधले कंटेनर मारून परत सुरू केले, ते परत फेल, परत मारले. असं पुन्हा पुन्हा पडलं की क्रॅशलूपबॅकऑफ लागतो, त्यात दर वेळी थांबायची वेळ वाढत जाते, दहा सेकंद, वीस, चाळीस, अशी पाच मिनिटांपर्यंत, त्यामुळे डेटाबेस नीट झाल्यावरही आमचं ॲप काही मिनिटं तसंच पडून. फोन अर्थातच सरांना गेला. त्यांनी लॉग बघून मला उठवलं आणि एवढंच विचारलं, "आपलं ॲप ठीक आहे, मग त्याला का मारतोय?" तेव्हा डोक्यात नीट बसलं. लाइव्हनेसमध्ये फक्त स्वतःपुरतं बघायचं, दुसऱ्याच्या तब्येतीवरून स्वतःला मारायचं नाही. ईआरपीला जाणारी माहिती नंतर क्यूमध्ये, म्हणजे रांगेत, टाकली, तिकडे हळू झालं तरी डीलरचा क्लेम इकडे घेतला जातो.

क्यूचा अजून एक उपयोग मे महिन्यात कळला. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खाली, व्होल्टेज कमी, मोटरी जळतात, क्लेम वाढतात. ऑटोस्केलिंगने, म्हणजे लोड वाढला की आपोआप पॉड वाढवण्याने, पॉड चारवरून वाढत गेले आणि प्रत्येक पॉड ओरॅकलला दहा कनेक्शन उघडणार, आम्हाला मिळालेली होती साठ. सातव्या पॉडला दार बंद. नवीन बाजू कितीही वाढो, जुनी बाजू तेवढीच राहते, हे गणित आधीच मांडायला हवं होतं. आता ओरॅकलशी फक्त क्यू वाचणारे दोन पॉड बोलतात.

ज्यांच्या कंपनीत हे सुरू होणार आहे त्यांना माझं एवढंच सांगणं, नवीन प्रोजेक्ट निवडा पण असं निवडा जे जुन्या सिस्टिमला एका-दोन ठिकाणीच शिवतं, आणि डीबीए, सिक्युरिटी, ऑपरेशन्समधला एक एक माणूस पहिल्या आठवड्यापासून सोबत घ्या, अगदी मॅनेजरशी भांडून घ्या.

आमची पाइपलाइन, प्रोब, लॉगिंग सगळं आम्ही टेम्प्लेट करून ठेवलं. पुढच्या टीमला स्पेअर पार्ट ऑर्डरचं ॲप करायचं होतं, त्यांना एन्व्हायरन्मेंट एका दुपारीत मिळालं. जुनं डीलर पोर्टल आहे तिथेच आहे, त्याच्यातलं पार्ट नंबर शोधायचं एक स्क्रीन आता बाहेर काढतोय, डीलरला लिंक तीच दिसते, मागे उत्तर नवीन सर्व्हिस देते. त्याचा रनबुक, म्हणजे बिघडलं तर काय करायचं याची वही, सर स्वतः लिहितायत. पहिल्या पानावर त्यांनी हेडिंग टाकलंय, "रात्री दीड वाजता".