सोमवारचे कोरे पान

मंगळवार, रात्री पावणेअकरा.

सोमवारचे पान कोरे राहिले. सलग 114 रात्री न चुकता लिहिल्यानंतर आलेले ते पान आज सकाळी पाहिले आणि तेव्हापासून एक विचित्र, काहीशी हास्यास्पद अशी खंत मनातून हटायला तयार नाही. पान कोरे राहिले याचे मला तितकेसे वाईट वाटलेले नाही; ते कोरे राहूनही आजचा दिवस सुरळीत पार पडला, हे मात्र लागले आहे.

माझ्या रात्रीच्या क्रमाची घरात पुरेशी थट्टा झालेली आहे, त्यामुळे तो वाढवून लिहीत नाही. टेबल आवरायचे, किल्ली दाराजवळच्या खुंटीला अडकवायची, फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावायचा आणि शेवटी वहीत उद्याची तीन कामे लिहायची. चौथे सुचलेच तर आधीच्या तिनांपैकी एक खोडायचे, असा नियम आहे. काल ताईशी बोलता बोलता साडेबारा वाजून गेले (त्या बोलण्याविषयी आज लिहिणार नाही) आणि मी फोन उशाशी ठेवून, दिवाही न मालवता झोपी गेलो.

सकाळी जाग आली तेव्हा दिवस हातचा गेला असे धरूनच उठलो होतो. किल्ली सापडणार नाही, दहाच्या भेटीला उशीर होणार, एखादा कागद घरीच राहणार, अशी माझी जय्यत तयारी होती. प्रत्यक्षात किल्ली खुंटीवर होती, भेट वेळेवर झाली, कागद पिशवीत होते, आणि दोन आठवडे रेंगाळलेले एक काम तर वहीत न लिहिताच उरकले गेले. संध्याकाळी घरी परतताना हायसे वाटायला हवे होते, पण वाटला तो अपमान. न सांगता एक दिवस रजा घ्यावी आणि दुसऱ्या दिवशी कळावे की आपण नव्हतो हे कुणाच्या ध्यानातही आले नाही, तसे काहीसे.

इतके दिवस मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सच्या एका दृष्टान्ताच्या धाकात वागत आलो आहे. सवयींविषयी 1890 मध्ये लिहिताना त्याने म्हटले होते की एकदा झालेली चूक म्हणजे काळजीपूर्वक गुंडाळत आणलेला दोऱ्याचा गुंडा हातातून निसटणे. एका निसटण्याने जितके उलगडते, तितके पुन्हा गुंडाळायला कितीतरी वेढे लागतात. पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांवर केलेल्या अभ्यासाविषयी वाचले. तो 2010 मध्ये छापून आला. सवय अंगवळणी पडायला साधारणपणे 66 दिवस लागतात, कुणाला 18 पुरतात तर कुणाला आकडेमोडीनुसार 254 ही लागू शकतात, आणि मधली एखादी खेप चुकली तर फारसे बिघडत नाही, असे त्यात आढळले होते. ही शेवटची गोष्ट मी वाचली होती, पण तिच्यावर विश्वास ठेवला नव्हता, कारण गुंडा निसटण्याचे भय मला अधिक सोयीचे होते. न निसटू देणारा मी आहे, एवढे त्यात गृहीत धरलेले होते.

झोपेपूर्वी पाच मिनिटे पुढची कामे लिहिणाऱ्यांना, झालेली कामे लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी सुमारे 9 मिनिटे लवकर झोप लागली, असा 2018 मधला 57 तरुणांवरचा एक प्रयोग आहे. तो मी ताईला दोनदा ऐकवला आहे. काल मात्र मी काहीही न लिहिता, डोळ्यांवर दिव्याचा उजेड घेऊन, बहुधा नवव्या सेकंदालाच झोपलो असेन.

पुन्हा पुन्हा मन किल्लीपाशी येते. ती खुंटीला कधी अडकवली हे मला काही केल्या आठवत नाही. दार उघडले, फोन वाजला, मी बोलत आत आलो, एवढेच आठवते. म्हणजे ते काम हाताने मला न विचारता करून टाकले. लॅलींच्या अभ्यासात दिवसामागून दिवस मोजले जात होते तेही हेच, एखादी गोष्ट किती प्रमाणात विचाराविना घडते ते. मग ज्या निग्रहाचे मी मनातल्या मनात इतके कौतुक करत होतो, तो या हातातून केव्हाच निघून गेलेला असणार, आणि मी मात्र रोज रात्री वही उघडून त्याला हजेरी लावायला सांगत होतो. पाय बरा झाल्यावर काठीने रुसून बसावे, तसा मी दिवसभर रुसलो होतो.

अर्थात काठी फेकून देण्याइतका मी धीट नाही. मागच्या वर्षीचे ते तीन महिने, न उघडलेली पाकिटे आणि तो खण... असो. तेव्हा ही वही नसती तर काय झाले असते ते मला ठाऊक आहे, आणि आजच्या एका दिवसाच्या जोरावर ते विसरणे बरे नव्हे.

मघाशी सोमवारच्या पानावर मागाहून तीन कामे लिहून त्यांच्यापुढे बरोबरच्या खुणा करण्याचा मोह झाला. तारीख घातलीही. ‘किल्ली खुंटीला लावणे’ असे पहिले काम लिहिले, वाचले, आणि मलाच हसू आले. बनावट हिशेब करायचा तर निदान थोडा बरा पराक्रम तरी लिहावा. ती ओळ खोडली आहे, तारीख तशीच ठेवली आहे.

उद्यासाठी दोन कामे सहज सुचली. तिसरे बराच वेळ सुचेना. शेवटी ‘ताईला फोन’ असे लिहिले आणि पुढे कंसात ‘रात्री दहाच्या आत’.