आधी गॅस बंद करा

मत्स्यालयाच्या देखभालीची ठरलेली भेट होती. थोडं पाणी बदलायचं, फेसातून घाण काढणाऱ्या स्किमरचा कप धुवायचा, काचा पुसायच्या, एवढंच काम. पण पोचलो तेव्हा गॅसवर भलंमोठं पातेलं चढलेलं, आणि शेजारी बादलीत रीफ टँकमधला (कोरल म्हणजे प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतला) सगळ्यात मोठा लाइव्ह रॉक, म्हणजे जीवजंतू वसलेला दगड. मालक इरेला पेटले होते. "आज या एप्टेशियाचा निकालच लावतो. दगड उकळला की संपला विषय."

मी हातमोजे चढवले आणि दगड पाण्यातल्या पाण्यात फिरवून पाहिला. एप्टेशिया, म्हणजे कोरलना डंख मारणारे, तणासारखे माजणारे छोटे समुद्रफूल (सी अॅनिमोन), भरपूर होते, हात लागताच भोकांत ओढले जाणारे. पण सावलीकडच्या बाजूला तपकिरी पॅलिथोआ, चटईसारखे वाढणारे कोरलचे भाईबंद, पसरले होते, चांगले तळहातभर. "आधी गॅस बंद करा," मी म्हणालो, "मग बोलू."

त्यांना वाटलं, कोरल वाया जाईल म्हणून मी अडवतोय. काळजी कोरलची नव्हती, घरातल्या माणसांची होती. पॅलिथोआच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं विष असतं. हवाईमधल्या अशाच एका जातीतून ते वेगळं केल्याचं १९७१ साली प्रसिद्ध झालं. निसर्गात सापडलेल्या अत्यंत जहाल विषांत त्याची गणना होते. उकळून ते मरत नाही, उलट वाफेबरोबर हवेत जातं. मग खोकला, ताप, तोंडात कडवट धातूसारखी चव, धाप. अलास्कात २०१२ ते २०१४ या काळात मत्स्यालयाच्या दुकानांत आणि घरांत अशा विषबाधेच्या संशयित घटना नोंदल्या गेल्या आहेत. कोणत्या वसाहतीत किती विष आहे हे रंगरूपावरून ओळखता येत नाही, म्हणून मी सगळ्याच पॅलिथोआंना विषारी धरून चालतो. दगड उकळायचा नाही, गरम पाण्याखाली धरायचा नाही, कोरडा घासायचा नाही.

पातेलं उतरलं. दगड पुन्हा टँकमध्ये गेला, तोही मी गॉगल लावूनच ठेवला.

मग हळूहळू खरी हकीकत बाहेर आली. नव्या कोरलच्या फ्रॅग प्लगवर, म्हणजे कोरलचा तुकडा चिकटवलेल्या छोट्या बैठकीवर, एक चिमुकला एप्टेशिया आला होता. दिसायला नाजूक, म्हणून राहू दिला. चार-पाच झाल्यावर त्यांनी ब्रशने खरवडले, कात्रीने कापले. हा प्राणी म्हणजे रक्तबीज. तळव्याचा कण जरी दगडाला चिकटून राहिला तरी त्यातून नवा उभा राहतो, आणि पंपाच्या प्रवाहात तुकडे उडाले की टँकभर पेरणी होते. त्यात माशांना खाणं सढळ हाताने. गंमत म्हणजे प्रयोगशाळांत हाच प्राणी मुद्दाम पाळतात, कारण कोरलप्रमाणे याच्याही अंगात सूक्ष्म शैवाल राहतं आणि वाढवायला काही कष्ट पडत नाहीत. आमची डोकेदुखी, त्यांची सोय.

त्या दिवशी पाणीबदल बाजूला राहिला. पंप बंद केले. कॅल्शियम हायड्रॉक्साइडची पूड थोड्या आरओ पाण्यात कालवून दाट पेस्ट केली आणि सिरिंजमध्ये भरली. या कामात घाई चालत नाही. सुई अंगाला टोचली की प्राणी भोकात गडप होतो आणि पेस्ट वाया जाते. सुई तोंडाच्या वर अलगद आणायची, थेंब सोडायचा आणि त्याला तो आपणहून आवळू द्यायचा. आवळला की वर आणखी थोडी पेस्ट, भोक बुजेपर्यंत. पेस्टचा पीएच १२ च्या वर असतो, त्यामुळे शेजारच्या कोरलवर सांडली तर तेही भाजतं आणि एका दिवसात फार वापरली तर सगळ्या टँकचा पीएच चढतो. म्हणून कोरलना डंख मारण्याइतके जवळ होते तेवढेच घेतले. मालकांना सगळे एकदम हवे होते. मी नाही म्हणालो. पॅलिथोआवाल्या दगडाला तर सिरिंज लावलीच नाही. भाजलेल्या पॅलिथोआंनी पाण्यात काय सोडलं असतं, ते मला बघायचं नव्हतं.

"मग त्याचं काय? पेपरमिंट कोळंबी सोडू?" सोडता येते, पण तिच्या नावाखाली कॅमल कोळंबी गळ्यात पडते आणि ती कोरल कुरतडते. खरी पेपरमिंटसुद्धा आयतं खाणं मिळालं की मोठ्या एप्टेशियाकडे ढुंकून बघत नाही. कॉपरबँड बटरफ्लाय मासा एप्टेशिया खातो म्हणतात, पण तो खाईलच याची हमी कोण देणार? बरेचदा तो उपाशी मरतो. मी बर्घिया सुचवली, दोन-तीन सेंटीमीटरची समुद्री गोगलगाय, बिनशंखाची. ती एप्टेशियाशिवाय दुसरं काही खात नाही आणि रात्रीच बाहेर पडते. अडचण एकच होती, त्यांचा लाडका सिक्सलाइन रास. या माशाला अशा गोगलगायी म्हणजे मेजवानी. त्याला दुसऱ्या टँकमध्ये हलवायला मालक तयार होईपर्यंत बराच वाद झाला.

मासा हलल्यावर, दिवे मालवून, बर्घिया त्याच दगडापाशी सोडल्या. पहिले काही आठवडे काहीच दिसेना आणि मालकांचे फोन सुरू. मग काचेवर अंड्यांची पांढरी वेटोळी दिसली. त्यानंतर दगड झपाट्याने मोकळा होत गेला, पॅलिथोआ मात्र जागच्या जागी. खाद्य संपल्यावर बर्घिया उपाशी मरणार, म्हणून हाती लागल्या तेवढ्या पकडून एप्टेशियाने भरलेल्या दुसऱ्या टँकमध्ये नेल्या.

ओव्हरफ्लोच्या खोक्यात, म्हणजे टँकचं वरचं पाणी जिथून उतरतं तिथे, दोन-तीन एप्टेशिया अजून आहेत, आणि प्रत्येक भेटीत मी सिरिंज घेऊन आधी तिथेच वाकतो. सिक्सलाइन परत आणायचा का, यावर आमचं अजून ठरलेलं नाही.