आमचा रस्ता ९ मीटरचा की १२ मीटरचा?

आमच्या रस्त्याला एका बाजूने का होईना, फूटपाथ झाला. काम चांगलं झालंय. सासूबाई संध्याकाळी काठी घेऊन त्यावरून देवळापर्यंत जातात आणि मला खिडकीत उभं राहून काळजी करावी लागत नाही. तरीही मधल्या काळात जे झालं त्याचा राग अजून गेलेला नाही. पुण्यात असंच एखादं छोटं काम करून घ्यायच्या खटपटीत कुणी असेल तर त्याला उपयोग होईल, म्हणून लिहून काढतेय. कार्यालयाचं नाव लिहीत नाही. माणसं बदलतात, आणि ही अडचण शहरात एकाच ठिकाणची आहे असंही मला वाटत नाही.

पुणे महापालिकेच्या अंदाजपत्रकात नागरिकांना आपल्या भागातली कामं सुचवता येतात. २००६-०७ पासून हे चालू आहे. पदपथ, पथदिवे, बसथांबा, पावसाळी गटार, बाकडी, अशी कामं. मी अर्ज केला तेव्हा एका कामाला ५ लाखांची मर्यादा होती. पावसाळ्याच्या उत्तरार्धात क्षेत्रीय कार्यालयात अर्ज मिळतात, वेबसाइटवरही असतात. कोऱ्या रकान्यात कामाचं वर्णन लिहायचं, ठिकाण लिहायचं, सही करून द्यायचा आणि पोच घ्यायची. यात काही अवघड नाही. फक्त ठिकाण लिहिताना ‘आमच्या सोसायटीसमोर’ असं लिहू नका. कुठल्या विजेच्या खांबापासून कुठल्या फाटकापर्यंत, रस्त्याच्या कुठल्या बाजूला, हे लिहा आणि सोबत फोटो जोडा. मी कोपऱ्यावरच्या दवाखान्यापासून देवळापर्यंतचा तुकडा मागितला होता. त्या तुकड्यात शाळेच्या रिक्षा, टेम्पो, दुचाक्या आणि चालणारी माणसं सगळी एकाच डांबरावर असायची.

पुढच्या वर्षीचं अंदाजपत्रक आलं, नागरिकांनी सुचवलेल्या कामांची यादी आली. त्यात आमचं काम नव्हतं.

विचारायला गेले तेव्हा क्लार्कबाईंनी रजिस्टर उघडून दाखवलं. आमच्या अर्जापुढे शेरा होता : ‘रस्ता १२ मी., मुख्य खात्याशी संबंधित.’ बस, एवढंच. अर्जदाराला कळवण्याची तसदी कुणी घेतली नव्हती.

हे १२ मीटरचं प्रकरण ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पुण्यात १२ मीटरपेक्षा कमी रुंदीचे रस्ते क्षेत्रीय कार्यालयाकडे असतात आणि १२ मीटर किंवा त्याहून मोठे रस्ते मुख्य खात्याकडे, म्हणजे महापालिकेच्या पथ विभागाकडे. खड्डा असो, फूटपाथ असो, आधी हे ठरतं, मग बाकीचं. विभागणीत गैर काही नाही. पण आमच्यासारख्या जुन्या बंगल्यांच्या रस्त्यावर गोम अशी की विकास आराखड्यात रस्ता १२ मीटरचा आहे आणि जागेवर एका भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत ९ मीटरच्या आसपास. रस्तारुंदीची पट्टी सहसा बंगला पाडून नवी इमारत बांधायला परवानगी मागतात तेव्हा महापालिकेच्या ताब्यात येते, त्या बदल्यात मालकाला एफएसआय (त्याच प्लॉटवर जादा बांधकामाचा हक्क) किंवा टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) मिळतो. आमच्या रस्त्यावर दोनच प्लॉटचं पुनर्बांधकाम झालंय. बाकीची कुंपणं होती तिथेच आहेत. म्हणजे रस्ता कागदावर एक आणि जमिनीवर दुसरा.

मी मुख्य खात्यात गेले. तिथल्या साहेबांनी फोटो पाहिले आणि लगेच म्हणाले, “मॅडम, हा कुठला १२ मीटर? ही गल्ली आहे. क्षेत्रीय कार्यालयाचं काम आहे हे.”

“साहेब, त्यांनी तुमच्याकडे पाठवलंय. लेखी शेरा आहे.”

“मग त्यांना सांगा, आम्हाला पत्र द्या. पत्राशिवाय आम्ही काय करणार?”

परत क्षेत्रीय कार्यालय. उपअभियंता साइटवर. पुन्हा गेले तर मीटिंगला. भेटले तेव्हा म्हणाले, पत्र पाठवतो. पाठवलं का, हे विचारायला गेले तर जावक क्रमांक मिळाला आणि मी त्याच दिवशी तो घेऊन मुख्य खात्यात पोचले, तर तिथल्या आवकमध्ये ते पत्र नव्हतं. काही आठवड्यांनी ते सापडलं, दुसऱ्याच विभागाच्या टपालात. त्याचं उत्तर गेलं : ‘सदर रस्त्याची प्रत्यक्ष रुंदी १२ मी. पेक्षा कमी असल्याने कार्यवाही आपले स्तरावर करावी.’ त्याला क्षेत्रीय कार्यालयाचं उत्तर : ‘विकास आराखड्यानुसार रस्ता १२ मी. असल्याने…’ हे वाचताना माझे हात थरथरत होते. दोन्ही पत्रांवर सह्या होत्या, शिक्के होते, संदर्भ क्रमांक होते. पण जागेवर येऊन टेप लावल्याचा उल्लेख एकाही पत्रात नव्हता.

मध्ये मी ऑनलाइन तक्रारही टाकली. टोकन नंबर आला आणि थोड्याच दिवसांत ‘संबंधित विभागाकडे वर्ग’ असं लिहून तक्रार बंद झाल्याचा मेसेज आला. संबंधित विभाग कोणता हाच तर माझा प्रश्न होता! अशी तक्रार बंद झाली तर त्याचा स्क्रीनशॉट ठेवा, तारखेसकट. मला पुढे तो जोडता आला.

हे सगळं चाललं तेव्हा महापालिकेत नगरसेवक नव्हते. मार्च २०२२ मध्ये त्यांची मुदत संपली आणि प्रशासकांचा कारभार सुरू झाला. एरवी अशा वेळी वॉर्डातला माणूस दोन्ही खात्यांच्या इंजिनिअरांना एका टेबलापाशी बसवतो. नगरसेवकांबद्दल लोक काहीही म्हणोत, त्यांचं हे काम मला त्या वर्षी फार जाणवलं. आमच्यासाठी ते टेबल मांडणारं कुणीच नव्हतं.

त्याच काळात दवाखान्याच्या वळणावर सासूबाईंना रिक्षाचा आरसा लागला. दंड काळानिळा झाला. नशिबाने तेवढ्यावरच निभावलं. त्या म्हणाल्या, “अगं, सोड तो नाद, मी घरातच फिरीन.” ७८ वर्षांच्या बाईने रस्त्याच्या रुंदीवरून दोन कार्यालयांचं एकमत होत नाही म्हणून घरात फिरायचं? त्या दिवशी मी ठरवलं की आता तोंडी विचारणं बंद.

माहिती अधिकाराचा अर्ज केला. इथे मला एक गोष्ट सुचली आणि तिचा मला अभिमान आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. रस्ता किती रुंद आहे, तो कुणाकडे आहे, असं विचारलं असतं तर पुन्हा तीच दोन उत्तरं आली असती. मी विचारलं की या रस्त्याचं शेवटचं डांबरीकरण कोणत्या कार्यालयाने, कोणत्या अर्थशीर्षकातून (अंदाजपत्रकातल्या कोणत्या तरतुदीतून) केलं, त्याच्या कार्यादेशाची आणि मोजमाप पुस्तकातल्या, म्हणजे झालेल्या कामाची मापं लिहितात त्या वहीतल्या, संबंधित पानांची प्रत द्यावी. ज्याने बिल दिलं, रस्ता त्याचा. डांबर टाकताना रस्ता ज्यांच्या ताब्यात होता त्यांना फूटपाथच्या वेळी तो परका कसा होईल?

अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत हवा, त्यामुळे मनातला संताप त्यात ओतू नका, मीही आधी लिहिलेलं एक पान बाजूला ठेवलं. उत्तराची मुदत ३० दिवस. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर तो ५ दिवसांत योग्य ठिकाणी पाठवण्याची जबाबदारी त्यांची असते, कलम ६(३). हे कलम अर्जातच लिहून ठेवा. म्हणजे ‘आमच्याकडे नाही’ एवढं सांगून कागद परत करता येत नाही. उत्तर आलं नाही तर पहिलं अपील, त्याला २० रुपयांचा स्टॅम्प. मला अपिलापर्यंत जावं लागलं नाही. मुदत संपता संपता पत्र आलं, कार्यालयात येऊन अभिलेख पाहावेत.

अभिलेख पाहायला जाताना एकटं जाऊ नका. मी वरच्या मजल्यावरच्या काकूंना घेऊन गेले, त्या पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यात. मोजमाप पुस्तक कसं वाचायचं ते मला कुठे ठाऊक? त्यांनी पान उलटलं आणि बोट ठेवलं : लांबी, रुंदी, जाडी. रुंदीच्या रकान्यात डांबराची रुंदी ७ मीटरच्या आतबाहेर लिहिलेली, आणि कार्यादेश क्षेत्रीय कार्यालयाचा. त्यांचाच निधी, त्यांच्याच अभियंत्याची सही. काकू म्हणाल्या, “हे बघ, यांनीच रस्ता मोजलाय.” मी तिथेच प्रतीची मागणी केली. पानाला २ रुपये.

माहिती अधिकाराचा अर्ज न करताही कागद पाहता येतात, हे मला नंतर कळलं. दर सोमवारी दुपारी ३ ते ५ सरकारी कार्यालयांत नागरिकांना फाइली पाहू द्याव्यात, असा राज्य सरकारचा २०१८ चा आदेश आहे. ही पद्धत मुळात पुणे महापालिकेतच सुरू झालेली. साधी फाइल बघायची असेल तर आधी सोमवारी जाऊन पाहा.

ती पानं जोडून मी एकच पत्र लिहिलं आणि दोन्ही कार्यालयांना दिलं. मागणीही एकच : दोन्ही खात्यांची संयुक्त पाहणी, जागेवर मोजमाप, त्याचा लेखी अहवाल. संयुक्त पाहणी हा शब्द पत्रात घातलात की नुसतं ‘उचित कार्यवाही’ म्हणून ते पुढे ढकलता येत नाही. कुणाला तरी तारीख द्यावीच लागते.

तारीख मिळाली. दोन कनिष्ठ अभियंते आले, दोघंही तरुण. त्यांतला क्षेत्रीय कार्यालयाचा मुलगा मोटारसायकलवरून उतरला, टेप काढली आणि म्हणाला, “मावशी, हे टोक धरता का?” मी कुंपणाच्या भिंतीशी टोक धरून उभी राहिले. ९.२० मीटर. दवाखान्यापाशी ८.९०. नवी इमारत झालेल्या दोन प्लॉटसमोर तेवढी जास्त. त्याने तिथेच वहीत लिहिलं, दोघांनी सह्या केल्या. सगळं मिळून चहा होतो तेवढा वेळ. एवढ्यासाठी अंदाजपत्रकाचं एक पूर्ण वर्ष आमच्या हातून गेलं होतं, कारण यादीत नाव आलं नाही की एप्रिल ते मार्च या वर्षात त्या कामाला पैसा नसतो, पुन्हा पुढच्या पावसाळ्यात अर्ज. त्या मुलाचं मात्र मनापासून कौतुक करते. त्यानेच मला सांगितलं की पुढच्या अर्जाला पाहणी अहवालाची प्रत जोडा, म्हणजे शेरा मारायला जागा राहणार नाही.

तसंच केलं. काम यादीत आलं. एस्टिमेट, निविदा, कार्यादेश यात मला काही करावं लागलं नाही, फक्त दिवाळीनंतर अधूनमधून कुठवर आलं ते विचारत राहिले. निधी ३१ मार्चला संपतो, तोवर काम झालं नाही तर गेलं. म्हणून डिसेंबरमध्ये कार्यादेश निघाला नसेल तर स्वस्थ बसू नका.

काम सुरू झाल्यावरच्या काही गोष्टी, जशा आठवतात तशा. चेंबरच्या झाकणांची पातळी ब्लॉक बसवायच्या आधी बघा. आमच्याकडे एक झाकण खाली राहात होतं, ठेकेदाराच्या मुकादमाला दाखवल्यावर त्याने लगेच कॉलर वाढवून घेतली. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांत चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी आणि कर्बची (फूटपाथच्या कडेच्या दगडाची) उंची १५० मिमीपेक्षा जास्त नको असं आहे, आणि पुणे महापालिकेचं स्वतःचं पादचारी धोरणही २०१६ पासून आहे. या दोन्हींचा उल्लेख अर्जातच करा, नंतर भांडत बसावं लागत नाही. आमच्या इथे ट्रान्सफॉर्मरपाशी १.८ मीटर मिळाले नाहीत, तिथे तडजोड झाली आणि ती मला अजून खटकते. फाटकांपाशी उतार कसा करणार हे बंगलेवाल्यांशी आधीच बोलून घ्या. आमच्या एका शेजारकाकांनी गाडी आत जाणार नाही म्हणून काम अडवलं होतं, त्यांना मुकादमाने उताराची रेघ खडूने आखून दाखवली तेव्हा ते मानले.

आणि दोष दायित्व कालावधी विचारून ठेवा. त्या मुदतीत ब्लॉक खचले तर ठेकेदाराला ते स्वखर्चाने दुरुस्त करावे लागतात. हे कार्यादेशात किंवा निविदेच्या अटींत लिहिलेलं असतं. मी त्याची प्रत घेऊन फाइलला लावलीय. पहिल्या पावसात देवळाच्या बाजूचे चार ब्लॉक हलले, मी तारखेसह फोटो आणि ती प्रत दिली, माणसं येऊन बसवून गेली.

आता पलीकडच्या रस्त्यावरचे लोक माझा अर्ज मागायला येतात. मी सगळी फाइल झेरॉक्सला देते. पण त्यांच्या रस्त्यावर आम्ही आधी टेप लावली. तो जागेवरही १२ मीटरच्या वर भरला, म्हणून त्यांना क्षेत्रीय कार्यालयात न पाठवता थेट मुख्य खात्याच्या नावे पत्र लिहून दिलं आणि मोजमापाचा कागद, फोटो वरच जोडले.