आत्याच्या सुपारीतला भुंगेरा

मंगळवार, रात्री साडेअकरा

आज जेवण गेलं नाही. कारण जेमतेम दोन मिलीमीटरचं.

जुने नमुने फोटोसाठी काढले होते. आत्याच्या सुपारीतला तो तपकिरी भुंगेरा, कार्डाच्या टोकाला चिकटवलेला, खाली माझ्याच अक्षरात ‘हायपोथेनेमस’, म्हणजे कॉफीच्या बीत शिरणाऱ्या किड्याची प्रजाती. दिवा जरा तिरका केला आणि पाठ लख्ख दिसली. हायपोथेनेमसच्या पंखांवर चपट्या, खवल्यांसारख्या केसांच्या ओळी असतात. इथे साधे, बारीक, लांब केस. प्रोनोटमच्या, म्हणजे डोक्यामागच्या ढालीच्या, पुढच्या कडेवर दातांची रांग हवी, तीही नाही. खरबरीत दाणे मात्र पार मागेपर्यंत. ओळख पटवायची ‘की’, म्हणजे लक्षणांची पायरी-पायरीची यादी, पहिल्यापासून चालवली. तीनदा. तिन्ही वेळा उत्तर एकच, कोकोट्रिपीस. प्रजातीच वेगळी.

दोन वर्षं मी त्याला दुसऱ्याच्या नावाने ठेवलं.

सर काही बोलणार नाहीत, तेच जास्त लागतं. आणि आत्याला केवढ्या ठसक्यात सांगितलं होतं, हा कॉफीच्या बीत शिरणाऱ्या किड्याचा सख्खा भाऊ म्हणून! ती अजून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. एवढं शिकून, एवढे डोळे फोडून, साधं नाव धड लावता आलं नाही. आई असती तर... जाऊ दे.

चूक कुठे झाली ते आता कळतंय. त्या दिवशी श्रीवर्धनला आत्याने अडकित्त्याने सुपारी फोडली. आत भुगा, पांढऱ्या अळ्या आणि माद्याच माद्या. नर एखाददुसरा, खुजा, उडता न येणारा. बहिणींशीच जोडी जमवायची आणि त्याच सुपारीत मरायचं. कॉफीतल्या किड्याचाही संसार अगदी असाच. मी घर बघितलं आणि घराणं ठरवून टाकलं. अंगाकडे नीट पाहिलंच नाही. खरं तर दोघं वेगवेगळ्या ट्राइबमधले, म्हणजे प्रजातींच्या वेगवेगळ्या गटांतले. भावाबहिणींत वंश चालवायची ही रीत दोन्हीकडे आपापली, स्वतंत्र आली आहे. इतकी सारखी, की माणूस फसतो. मी फसले.

आणि नावातच सगळं होतं! कीटकशास्त्रज्ञ आइकहॉफने १८७८ साली कोकोट्रिपीस हे नाव दिलं, ग्रीकमधून, अर्थ बी पोखरणारा. कुळ साल पोखरणाऱ्यांचं, पण याच्या कितीतरी जाती बियांत राहतात, खजुराच्या सुद्धा. ते वाचलं आणि मघाची धडधड जरा बसली. दोन वर्षं हा इथेच होता, माझ्या खणात. त्याचं काही बिघडलं नव्हतं.

नवी चिठ्ठी लिहिली. कोकोट्रिपीस, पुढे आजचं साल. कार्पोफॅगस असावा असं वाटतंय, पण जातीचं नाव आज लिहिणार नाही. दहा-बारा नमुने आणखी बघायचेत. जुनी चिठ्ठी काढायची नसते, त्यामुळे तीही टाचणीवर राहील, नव्या चिठ्ठीच्या वर.

सकाळी आत्याला फोन करायचा. तिची देवपूजा आटोपली की, नऊनंतर.